सोने धुणारी घडीची पन्हळ

मित्रांनो, मी एक जुनी पन्हळ आहे. छपराचे पाणी अंगणात सोडणारी नव्हे. नदीची वाळू धुऊन त्यातले सोन्याचे कण धरून ठेवणारी. माझ्या अंगावर आता सरळ अशी जागा उरलेली नाही. ती का, तेच सांगते.

माझा जन्मच मार खात झाला. पत्र्याची कामे करणाऱ्या एका कारागिराने मला घरामागच्या शेडमध्ये घडवले. कात्रीने कापले, हातोडीने वाकवले, ड्रिलने स्क्रूंसाठी भोके पाडली. मी किंचाळले, पण पत्र्याच्या किंचाळण्याकडे कोण लक्ष देतो? घडी घालून पाठीवर नेता यावे म्हणून त्याने माझे दोन तुकडे बिजागऱ्यांनी जोडले. तळाला खाचांची रबरी चटई अंथरली आणि तिच्यावर आडव्या पट्ट्या बसवल्या. पाण्याबरोबर वाळू निघून जाते, जड सोने पट्ट्यांच्या आड बसून राहते.

"सगळी करामत उताराची," तो बायकोला म्हणाला. "कमी पडला तर वाळू तुंबते, जास्त झाला तर सोनंसुद्धा वाहून जातं."

त्याला तिच्यासाठी अंगठीपुरते सोने हवे होते. तिच्या भावाला पोतेभर हवे होते. हा भाऊ ट्रक चालवायचा. इतका उतावळा आणि तापट, की सगळे त्याला हॉर्न म्हणत.

दोघांनी मला नदीत बसवले. थोड्याच वेळात वरच्या पट्टीआड पिवळे कण चमकले, तसे दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. मग कारागीर चाळण आणायला गाडीकडे गेला. वाळू हळू सरकते म्हणून हॉर्नने माझ्या वरच्या टोकाला, उशाखाली, मोठा दगड सारला. पाणी माझ्यावरून धडाडत सुटले आणि सगळे सोने माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेले. मी ओरडून सांगणार तरी कशी?

कारागीर परतला तेव्हा हॉर्नने मला काठावर ओढले होते. चटईत नुसती काळी वाळू होती.

"दाजी, सोनं कुठंय?"

"पट्ट्यांआड असेल. नीट बघ."

"बघितलं. गाडीकडे कशाला गेला होतात तुम्ही? खिशात काय आहे?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

हॉर्नने माझी घडी घातली, मला डोक्यावर उचलले आणि दाजींवर हाणले. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा अडवायला त्यांनी उजवा हात पुढे केला. ज्या हाताने मला घडवले, त्याच हाताची हाडे माझ्या कोपऱ्याखाली मोडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. हॉर्नने मला पुन्हा उचलले तेव्हा माझ्या पत्र्यावरून रक्त ओघळत होते.

खाली पडलेल्या कारागिराला पाण्यातला दगड दिसला.

"उशाखाली दगड तू लावलास?"

"पाणी ढिम्म होतं," हॉर्न म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आले. त्याने मला खाली टाकले.

डॉक्टरांनी हात वाचवला, पण बोटे वाकत नाहीत. त्या हातात आता कात्री राहत नाही.

कारागिराच्या बायकोने मला शेडमध्ये आपटले आणि हातोडी घेऊन ती माझ्यावर तुटून पडली. माझ्या कडा चेपल्या, एक बिजागरी उखडली.

"अगं, तिला कशाला मारतेस?" नवरा म्हणाला. "तिनं काय केलंय?"

"मग कुणाला मारू?" ती रडत म्हणाली. "माझा भाऊ आहे तो."

मी निमूट मार खाल्ला. तो माझ्यासाठी नव्हता, हे मला कळत होते.

मित्रांनो, भांडण आलेच तर खुशाल भांडा. फक्त हातात जे काही असेल, ते आधी खाली ठेवा. आम्हा वस्तूंना तुमच्या हातातून निसटता येत नाही.