झोपवलं एकदाचं

एका वाक्यानं आमच्या गुंड्याचं आयुष्य मातीत घातलं. मी हॉस्पिटलात रात्रपाळीला होते, माझी तान्ही लेक त्याच्याकडे, म्हणजे तिच्या मामाकडे. "झोपवलं एकदाचं. आता काही सकाळपर्यंत उठत नाही," असा त्याचा निरोप फोनवर आला, अगदी कुजबुजत. त्याच रात्री, ज्याच्याशी त्याची फायनल होती तो बॉक्सर क्रीडासंकुलाच्या मागच्या जिन्यात मेलेला सापडला. झालं!

सरकारी वकिलानं तो निरोप कोर्टात वाजवला. बॉक्सर 'झोपवलं' म्हणतो म्हणजे काय करतो, ते सगळ्यांना समजावून सांगितलं. लहानपणी चादरीत गुंडाळून झोपायचा म्हणून आम्ही त्याला गुंड्या म्हणतो, तर त्याचाही या माणसानं गुंड केला. मी घसा फोडून खरं सांगितलं. पण मी पडले बहीण, भावासाठी खोटंच बोलणार! गुंड्या सांगायला लागला की वकील म्हणायचा, "विचारलं तेवढंच बोला."

अपिलात सुटला, पण संशयाचा फायदा मिळून. म्हणजे माणूस बाहेर आणि डाग तसाच. तो दिसला की शेजारीण अजून पोरांना आत ओढते. त्याच्यावर सिनेमा काढतो म्हणून मंडळी आली, तेव्हा त्यानं एकच अट घातली: ते वाक्य जसं होतं तसंच दाखवा.

शूटिंगला आम्ही दोघं गेलो. मोठं गोदाम. मधोमध एक कापडी पडदा; त्याच्या अलीकडे आमची झोपायची खोली उभी केलेली, पलीकडे कोर्ट. नट छाती काढून ते वाक्य खणखणीत आवाजात म्हणत होता. माझं डोकंच फिरलं.

"अहो, पोर झोपल्याचं असं ओरडून कुणी सांगतं का?"

"ताई, कुजबुजला तर थिएटरात ऐकू काय जाणार?" दिग्दर्शक म्हणाला. "आणि थोडा संशय राहू दे की. लोकांना मजा येते."

"चुलीत घाला तुमची मजा! तुमच्या मजेपायी हा जन्मभर खुनी राहील."

तेवढ्यात शूटिंगसाठी आणलेल्या बाळानं भोकाड पसरलं. नटानं त्याला पोत्यासारखं धरलं होतं. गुंड्यानं ते खांद्यावर घेतलं आणि रिंगमध्ये फिरतो तसा या पायावरून त्या पायावर झुलत थोपटत राहिला. हळूहळू रडं थांबलं. बाळाची आई भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे वळून तो कुजबुजला, "झोपवलं एकदाचं."

सगळे चिडीचूप. दिग्दर्शकसुद्धा चवड्यांवर चालायला लागला.

आणि पडद्यापलीकडून, वकिलाचं काम करणारा नट आपली वाक्यं घोकत होता तो गरजला, "कुजबुज कशाला? लपवायचं काय होतं?"

बाळ दचकलं आणि किंचाळत रडायला लागलं.

गुंड्या पडद्याकडे वळला. जेलमधून आल्यापासून त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"हे, साहेब! ह्याच्यासाठी!" बाळाला छातीशी धरून तो ओरडला. "ह्याच्यासाठी कुजबुजलो!"

पडदा हलला. काळ्या कोटातल्या त्या भल्या माणसानं डोकं बाहेर काढलं आणि ओशाळून, दबक्या आवाजात विचारलं, "अरे अरे, बाळ झोपलं होतं का?"

इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो हे.

"झोपलं होतं," गुंड्या म्हणाला, आणि मटकन खाली बसून रडायला लागला.