लाल कडेची वायर

नळदुर्गात इंद्रजितचं नाव निघालं की लोक आधी कानावर हात ठेवतात आणि मग हसतात. हायवेला लागून त्याचं 'इंद्रधनु साउंड'. वरात असो की मिरवणूक, त्याचे बेस घुमायला लागले की शेजारच्या ढाब्यावरच्या कपबशा आपल्या पायानं चालायला लागायच्या. असल्या माणसाच्या घरात, दुकानाच्या मागच्याच खोलीत, त्याची वहिनी अर्पिता कानाला हेडफोन लावून आवाज तयार करत बसायची. हे त्याला पहिल्यापासून सलत होतं. आवाज म्हणजे त्याची जहागीर. त्यात घरातल्या बाईनं पाय ठेवावा?

"वैनी, एकट्याच काय ऐकायलाव? आमाला बी ऐकवा की," तो दारातून म्हणायचा. तिनं हेडफोन पुढं केला की क्षणभर कानाला लावून परत द्यायचा. "डास गुणगुणतंय जणू. उदबत्ती लावा डासाची."

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. योगीराज पुण्याला कंपनीत. फोनवर धाकट्या भावाचं नाव काढलं की तो म्हणायचा, "तुमचं तुम्ही मिटवा बाई, माझी शिफ्ट आहे."

अर्पिताचं माहेर अणदूर. वडील बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. भाता फाटलेली, सूर मेलेली एक सागवानी पेटी त्यांच्याकडं कुणीतरी टाकून गेलं होतं. लेकीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. तिनं ती पेटी मागून घेतली, आतलं सगळं उपसून काढलं आणि त्या पोकळीत आपलं यंत्र उभं करायला घेतलं. मॉड्युलर सिंथेसायझर. नाव अवघड आहे, पण गोष्ट सोपी आहे. नेहमीच्या कीबोर्डमध्ये सगळं आतल्या आत जोडून आलेलं असतं. इथं एकेक भाग सुटा. एक भाग आवाज काढणारा, एक त्याला चढउतार देणारा, एक गाळणारा. पुढून रंगीत तारा खोचायच्या आणि कुणाचं कुणाशी नातं लावायचं ते आपण ठरवायचं. सोयरीक बदलली की सूर बदलला.

यातला गाळणारा भाग तिचा सगळ्यात लाडका. ती त्याला गाळणीच म्हणायची. बाकीचे दोन-तीन भाग तिनं तयार विकत घेतले होते, पण गाळणी मात्र पहिल्या टाक्यापासून तिनं स्वतः डागली होती. तान्ह्या लेकीला, रेवाला, पाळण्यात टाकायचं, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि दोन्ही हात सोल्डरिंगला मोकळे ठेवायचे. पोरगी कुशीवर वळली की दोरीला हिसका बसायचा आणि अर्पिता डाग द्यायची तापलेली कावी बाजूला धरायची. आईला काम शिकवावं तर लेकरानंच. कधी थांबायचं हे ती गादीवरून सांगायची.

या गाळणीतून पाण्याचा आवाज निघायचा. खरं पाणी नव्हे. किल्ल्यातल्या पाणीमहालात, वरून बंधाऱ्याचं पाणी कोसळताना आत उभं राहिलं की दगडाच्या आरपार जे छातीला जाणवतं, ते. अर्पितानं त्याचा एक तुकडा रेकॉर्ड करून सोलापूरच्या शंभुलिंग नावाच्या दिग्दर्शकाला पाठवला. किल्ल्याच्या पायथ्याच्या एका घराची गोष्ट तो पिक्चरमध्ये सांगणार होता आणि त्याला संगीत करणारं माणूस हवं होतं. तुकड्याखाली तिनं नाव न लिहिता नुसता फोन नंबर दिला, तोही दुकानाचा. पोरगी उठू नये म्हणून तिचा स्वतःचा फोन कायम मुका असायचा ना.

चूक झाली ती इथं.

फोन आला तेव्हा गल्ल्यावर इंद्रजित होता. "हा आवाज कुणी बनवला?" समोरून विचारलं गेलं. इंद्रजितनं बाहेर रचलेल्या आपल्या बेसच्या भिंतीकडं बघितलं आणि बोलून गेला, "आमचाच की. आमीच बनवतो."

शंभुलिंग रविवारी येतो म्हणाला. यंत्र बघायचं, आवाज समोर ऐकायचा आणि जमलं तर तिथंच नाव पक्कं करायचं.

अर्पिताला हे कळलं सासूकडून. कमलबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "इंद्रजितला पिक्चरचं काम मिळायलंय म्हणं."

"आत्याबाई, ते काम माझं हाय."

"एकाच घरातलं हाय की गं. तुजं काय, त्याचं काय." कमलबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "बापयाचं नाव लागलं म्हंजे लोक धंद्यासाठी इचारतेत. तुला पोरगी हाय मांडीवर. तू काय सोलापूर-मुंबई करणार हाईस?"

"नाव तरी माझं लागू द्या."

"नाव काय चुलीत घालायचंय?"

तिनं मग दिराला गाठलं. तो टेस्टरनं दात कोरत बसला होता.

"भाऊजी, रविवारी मी दाखवणार यंत्र."

"तुमी च्या दाखवा वैनी. इलायची घालून." त्यानं टेस्टर खिशाला लावला. "ह्या धंद्यात मला बारा वर्सं झाली. तुमची ती पेटी म्या मागनं उघडून बगितली परवा. निम्मी वायरिंग उलटी हाय."

अर्पिता दचकली. "हात लावला का तिला?"

"लावला न्हाय, वाचलाव तुमी. त्या चपट्या वायरीची लाल कड तुमी मायनसला दिलीया. आन् वर नखाला लावायच्या रंगाचा ठिपका! लाल म्हंजे प्लस, हे आमच्या दुकानात झाडू मारणाऱ्याला बी कळतं."

"या यंत्रात तसं नसतं, भाऊजी. यात लाल कड उण्याकडंच द्यायची. उलटी दिली तर भाग जळतो. म्हणूनच ठिपका लावलाय."

"व्हय का? मग सूर्य बी मावळतीकडनं उगवत आसंल तुमच्या अणदुरात."

रविवारी सकाळी तिनं पुन्हा सांगितलं. तेव्हा तो पेटी उचलून दुकानात न्यायला आला होता. पाहुण्याला काय मागच्या खोलीत, पाळण्याखालून वाकून न्यायचं? अर्पिता दारात आडवी उभी राहिली.

"न्यायचीच तर मी नेते. आतले स्क्रू ढिले आहेत. आणि काही सुटलं तर तुम्ही जोडू नका. लाल कड ठिपक्याकडं. एवढं लक्षात ठेवा."

"सरका," इंद्रजित म्हणाला. 'वैनी' सुद्धा म्हणाला नाही. त्यानं पेटी खांद्याला लावली ती डीजेचा खोका लावतात तशी, आणि उंबऱ्याला ती एकदा ठणकन आपटली.

शंभुलिंग आला तो एकटाच, धुळीनं भरलेल्या गाडीतून. शांत माणूस. बसल्या बसल्या त्यानं चष्मा पुसला आणि पेटीकडं बघत राहिला. इंद्रजितनं काउंटरवर पेटी ठेवून बाजूला आपले दोन झगमग दिवे लावले होते, लाल-निळे. कमलबाई खुर्चीवर. अर्पिता चहाचा ट्रे ठेवून भिंतीला टेकून उभी, खांद्यावर रेवा. पोरगी आत्ताच झोपली होती. तिच्या तोंडातून दुधाचा ओघळ आईच्या मानेवर उतरत होता.

"कल्पना कशी सुचली पेटीत बसवायची?" शंभुलिंगनं विचारलं.

"सुचली," इंद्रजित म्हणाला. "आमच्या डोक्यात लई चालतंय सर."

"आणि तो पाण्याचा आवाज?"

"ऐकवतो की."

त्यानं बटण दाबलं. दिवे लागले, काटे थरथरले, पण आवाज आला तो नुसता भुंग्यासारखा, उघडा, किरटा. अर्पितानं लगेच ओळखलं. उंबऱ्याच्या ठोकरीनं गाळणीची मागची वायर निसटली होती.

"किरकोळ हाय," म्हणत इंद्रजितनं यंत्र बंद केलं, पेटी फिरवली आणि मागची फळी काढली. चपटी वायर लोंबत होती. अर्पिता एक पाऊल पुढं आली.

"भाऊजी, ती—"

"गप!" कमलबाई दबक्या आवाजात खेकसली. "पोरगी झोपलीया. पावण्याम्होरं तोंड घालू नको."

इंद्रजितनं वायर चिमटीत धरली. नखाला लावायच्या रंगाचा तो ठिपका त्याच्या समोर होता. त्यानं तो बघितला. मग मान वळवून त्यानं अर्पिताकडं बघितलं, अगदी सावकाश, आणि ओठ जरासा वाकडा करून लाल कड ठिपक्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला बसवली.

बटणापाशी बोट जायला अजून वेळ होता. त्यानं फळी आधी लावली. एक स्क्रू फिरवला. दुसरा फिरवला. दुसरा थोडा हट्टी निघाला.

"थांबा" एवढा एक शब्द पुरला असता. तो तिच्या जिभेवर येऊन बसला होता. पाळण्याची दोरी, अंगठ्यावरचा तिचा वळ, चटका बसला म्हणून तोंडात धरलेलं बोट, पहिल्यांदा गाळणीतून पाणी वाहिलं तेव्हा हेडफोनमध्ये फुटलेलं रडू, सगळं त्या दोन स्क्रूंमध्ये फिरून गेलं. ती ओरडली असती तर गाळणी वाचली असती. पाणी वाहिलं असतं. शंभुलिंगनं मान डोलावली असती आणि पडद्यावर नाव आलं असतं 'इंद्रधनु साउंड'. वाचलेली गाळणी त्याची झाली असती. जळालेली तिची राहणार होती.

अर्पितानं रेवाची पाठ थोपटायला सुरुवात केली. थाप, थाप, थाप.

बटण दाबलं गेलं.

मोठा आवाज झाला नाही. चट् असं काहीतरी, आणि मग पेटीच्या फटीतून धुराची एक बारीक वेल वर आली. जळक्या प्लास्टिकचा कडवट वास दुकानभर पसरला. इंद्रजितनं प्लग उपटला आणि फळीवर हातानं वारा घालायला लागला.

"काय झालं?" शंभुलिंग उठून उभा राहिला.

इंद्रजितचा चेहरा त्या दिव्यांत एकदा लाल दिसत होता, एकदा निळा. "वैनीनं वायरिंगच उलटी केल्ती सर! म्या कवाच म्हणलो हुतो. बाईमाणसाला काय कळतंय ह्यातलं? सगळा घोळ तिचाच हाय."

शंभुलिंगनं चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं.

"वायरिंग कुणी केलं म्हणालात?"

"वैनी... म्हंजे मदतीला हुती ती—"

"मघाशी तर सगळं तुमच्या डोक्यातून आलेलं."

बाहेरून एक ट्रक गेला आणि कपबशा किणकिणल्या.

अर्पिता पुढं आली. तिनं रेवाला खांद्यावरून उतरवलं आणि इंद्रजितच्या हातात दिलं. "धरा," म्हणाली. त्याला नाही म्हणायलाही जमलं नाही. पोरगी जागी झाली, अनोळखी छातीचा वास घेतला आणि तिनं असं भोकाड पसरलं की इंद्रधनु साउंडला ऐकावंच लागलं.

त्या रडण्यातच अर्पितानं फळी काढली. गाळणी काढून काउंटरवर ठेवली. तिच्या पोटातल्या चिपच्या दोन चकत्या काळ्या पडून फुगल्या होत्या. अर्पितानं गाळणीकडं दुसऱ्यांदा बघितलं नाही. बाकीच्या वायरी बोटांनी चाचपल्या, लाल कड ठिपक्याकडं, लाल कड ठिपक्याकडं, आणि यंत्र चालू केलं. दिवे लागले. तिनं पुढच्या तारा उपसल्या, वेगळ्या खोचल्या, दोन खुंट्या फिरवल्या. पाणी नव्हतं. पण पाणी आटल्यावर दगडात जे राहतं तसलं काहीतरी खोल, कोरडं घुमायला लागलं.

शंभुलिंग बराच वेळ ऐकत होता.

"तो पहिला आवाज?"

"तो गेला. पुन्हा बनवावा लागंल."

"वेळ किती लागेल?"

अर्पितानं दिराच्या हातात आक्रसून रडणाऱ्या लेकीकडं बघितलं. "ही झोपंल तसं."

शंभुलिंग हसला नाही. "सगळ्या पिक्चरला मी थांबू शकत नाही," तो म्हणाला. "पाणीमहालाच्या प्रसंगापर्यंत थांबतो. तोपर्यंत हा कोरडा चालेल. नाव काय घालायचं?"

"अर्पिता."

"पुढं?"

"सध्या एवढंच घाला."

"जागा आमची हाय, लाइट आमची हाय," इंद्रजित मागून म्हणाला. कुणी त्याच्याकडं वळलं नाही. पोरगी एवढी रडत होती की त्यालाच आपलं बोलणं नीट ऐकू आलं नसावं.

संध्याकाळपर्यंत त्यानं निम्म्या नळदुर्गाला सांगून टाकलं की पेटी मुळातच फॉल्टी होती. उद्यापासून मागच्या खोलीची लाइट तोडणार, हेही सांगितलं. लाल म्हणजे प्लस, हे त्याचं मत काही बदललं नाही.

मोरीत अर्पिता रेवाचं डोकं धूत होती. जावळाला जळका वास बसला होता आणि दोनदा साबण लावूनही जात नव्हता. कमलबाई दाराशी येऊन उभी राहिली.

"तुज्या समोरच बसली हुते म्या," ती म्हणाली. "तुजे डोळे वायरीवर हुते. तुला दिसलं हुतं."

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"पोरगी झोपली होती, आत्याबाई. तुम्हीच म्हणालात गप."

कमलबाईचा जबडा हलला. "माजं लेकरू पावण्याम्होरं तोंडघशी पडलं."

"माझं तर जळालंच."

कमलबाई तिथून हलली नाही, की आत येऊन तिनं टॉवेलही धरला नाही. अर्पितानं ओल्या लेकीला पदरात गुंडाळलं आणि सासूच्या बाजूनं, अंग चोरून, खोलीत गेली. लाइट उद्या जाणार होती, म्हणजे आजची रात्र तरी होती. तिनं रेवाला पाळण्यात टाकलं, दोरी अंगठ्याला बांधली आणि जळक्या गाळणीतली पहिली काळी चकती उचकटायला कावी तापत ठेवली.