थांबायची जागा

मुलांनो, एक खोली डोळ्यांपुढे आणा. व्हिएन्नातल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. खोलीत एक काळाकुळकुळीत पियानो, एवढा मोठा की पलंगाला जागा उरली नाही आणि तो स्वयंपाकघरात गेला. पियानोपुढे एक बाई बसल्या आहेत, एकट्याच. त्या ओटिली लाइटगेब.

चाळीस वर्षं त्या गावोगावी वाजवत फिरल्या. व्हायोलिनवाल्याचं वाद्य त्याच्या काखेत असतं. पियानोवाल्याला मात्र रोज नव्या गावात परक्या पियानोशी जुळवून घ्यावं लागतं. ओटिलीबाईंनी शेकडो पियानोंशी जुळवून घेतलं, माणसांशी तेवढं जमलं नाही. टाळ्या संपल्या की हॉटेलात जाऊन गार सूप प्यायचं आणि झोपायचं. शेजाऱ्यांची नावंही त्यांना दारावरच्या पाट्यांवरूनच ठाऊक होती.

येत्या रविवारी त्यांचा कार्यक्रम होता, बऱ्याच वर्षांनी आपल्याच शहरात. एक लांबलचक सोनाटा, म्हणजे तीन-चार भागांची पियानोची रचना, अर्थातच तोंडपाठ. पुढ्यात स्वरलिपीचा कागद ठेवून एकट्याने वाजवणं त्यांच्या पिढीला कमीपणाचं वाटे.

सोमवारी भाजी घेऊन जिना चढताना त्यांना वरून गुणगुण ऐकू आली. तिसऱ्या मजल्यावरची वाल्ली पायरीवर बसून बुटाचे बंद बांधत होती. सात वर्षांची पोर, पुढचे दोन दात पडलेले. गुणगुणत होती ती बाईंचीच सोनाटा, आणि सुरात. बाई कौतुकाने ऐकत राहिल्या. मग एका जागी वाल्ली थांबली, गाण्यात चार सूर मागे गेली आणि पुन्हा तिथून गुणगुणू लागली.

"तिथे का गं थांबलीस?" बाईंनी विचारलं.

"ते तसंच आहे," वाल्ली म्हणाली. "तिथे गाणं घराची किल्ली विसरतं. मग परत जाऊन घेऊन येतं. रोज."

बाई हसल्या, पण हातातली पिशवी एकदम जड झाली.

सराव म्हटला की थांबणं, मागे जाणं आलंच. त्यामुळे आपण रोज एकाच जागी थांबतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी अंगातला कोटही न काढता वाजवायला घेतलं. ती जागा आली आणि हात थांबले. पुढे काय, ते आठवेना. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. त्यांनी पियानोचं झाकण लावलं आणि तीन दिवस उघडलं नाही. सभागृहाच्या व्यवस्थापकांना तब्येत बरी नाही असं कळवायचं त्यांनी ठरवलं होतं. फक्त फोन उचलवत नव्हता. एकदा नाही म्हटलं की पुन्हा कोणी बोलावणार नाही, आणि मग या खोलीत उरणार काय, हे त्यांना कळत होतं.

गुरुवारी दारावर टकटक झाली. वाल्ली खसखशीच्या केकचा तुकडा घेऊन उभी होती. दुपारी बारा ते तीन वाजवायचं नाही हा इमारतीचा नियम. तो मोडला म्हणून कोणी बाईंना रागावलं का, अशी तिला शंका होती. वाजणं बंद झाल्यापासून तिला झोप येत नव्हती.

एवढ्याशा पोरीला काय सांगायचं, असं बाईंना वाटलं. पण सांगायला दुसरं होतं तरी कोण? आपण विसरतो, हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं.

वाल्लीला त्यात विशेष काही वाटलं नाही. "मला कविता आठवली नाही तर शाळेतल्या बाई पुस्तकात बघू देतात," ती म्हणाली. "तुम्हाला कोण बघू देत नाही?"

बाई उत्तर शोधू लागल्या. ज्यांनी बघू दिलं नसतं, ते त्यांचे गुरुजी केव्हाच वारले होते. बाकी नाव काही सुचेना.

त्यांनी कपाटातून सोनाटाची पिवळी पडलेली वही काढली, झाकण उघडलं आणि वही समोर मांडली. मग हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "पण रविवारी माझे दोन्ही हात गुंतलेले असणार. पानं कोण उलटणार?"

वाल्लीने केकची बशी खिडकीत ठेवली. स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणून पियानोच्या डाव्या बाजूला मांडलं, हात फ्रॉकला पुसले आणि वर चढून बसली.