नागमोडी तुकडा

"तुम्हीच दिलंत ते! तुमच्या डेपोच्या फाटकावर तुम्हीच पाटी लावलीत, 'फुकट, हवा तेवढा चुरा न्या'. आणि आता पत्र पाठवता, की हात लावू नका?"

व्हर्ना पिकर्सगिल सकाळपासून चौथ्यांदा हे फोनमध्ये बोलली. पलीकडे माणूस नव्हताच. पियानो वाजत होता, आणि मधूनमधून एक गोड आवाजाची बाई सांगत होती की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. नगरपालिकेला पियानोसाठी पैसे मिळतात, फोन उचलायला माणूस मिळत नाही.

पत्र साखरेच्या बरणीखाली दाबून ठेवलं होतं. 'प्रिय रहिवासी' अशी सुरुवात. उन्हाळ्यात डेपोतून नेलेल्या लाकडाच्या चुऱ्यात 'अल्प प्रमाणात बाह्य साहित्य' असण्याची शक्यता आहे. चुरा हलवू नये. ओला ठेवावा. मुलांना दूर ठेवावं. घाबरण्याचं कारण नाही.

बाह्य साहित्य म्हणे. अ‍ॅस्बेस्टॉस हा शब्द दोन पानांत एकदाच होता, तोही कंसात. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला चष्मा बदलून तो शोधावा लागला.

तिने फोन तसाच चालू ठेवून खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला आणि नळी घेऊन पुढच्या अंगणात गेली. सहा वाजल्यापासून ती चौथ्यांदा पाणी मारत होती. इथला उन्हाळा फेब्रुवारीत संपतो; मार्च अर्धा सरला होता, तरी ऊन हटत नव्हतं. ढलप्या वरून तासाभरात वाळायच्या. वाळल्या की वारा यायचा. आणि वारा आला की ती पुन्हा नळी उचलायची.

ही बाग तिने पेन्शनीत केली होती. आधी हायड्रेंजाचं एक जुनं फुलझुडूप सोडलं तर नुसतं गवत होतं. गवत कापणाऱ्याने भाव वाढवला आणि तिच्या गुडघ्यांनी यंत्र ढकलायला नकार दिला, तेव्हा नात टेगन म्हणाली, "सिमेंट ओतून टाक, नॅन." व्हर्नाला राग आला. सिमेंटने तिच्या आयुष्याचं पुरेसं वाटोळं केलं होतं. तिने फ्रिजच्या दुकानातून खोकी मागून आणली, उलगडून गवतावर अंथरली, भिजवली आणि वर चार बोटं लाकडाचा चुरा पसरला. खाली गवत गुदमरून मेलं. शेजारच्या सेमिसीने त्याच्या ट्रेलरमधून डेपोच्या पाच खेपा केल्या. लोक जुनं सामान रस्त्याच्या कडेला काढून ठेवतात त्या आठवड्यात तिला न्हाणीचा टब मिळाला. तो जमिनीत पुरून तिने तळं केलं. पाडलेल्या चिमणीच्या विटांची पायवाट झाली. फांद्या लोकांच्या कुंपणातून मोडून आणल्या. चोरलेली फांदी लवकर जगते, असं या गल्लीतल्या बायका मानतात, आणि जगतेही. विकत घेतलं ते एकच: दुकानातल्या मरू घातलेल्या रोपांच्या फळीवरचं पाच डॉलरचं लिंबू. त्याला आता कळ्या आल्या होत्या.

त्या लिंबाखाली मार्नीची बेकरी होती.

मार्नी म्हणजे टेगनची मुलगी, अडीच वर्षांची. टेगन वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला जायची, तेव्हा मंगळवारी आणि गुरुवारी मार्नी पणजीकडे असायची. फुटक्या पातेल्यात ढलप्या भरायच्या, वरून थापायच्या, आणि समोर धरायचं. "नॅन, केक! गरम आहे हां." आणि मग गाल फुगवून फुंकर मारायची. एकदा नाही, दहादा. व्हर्नाने तोंड उघडेपर्यंत फुंकतच राहायची.

पत्र आल्यापासून व्हर्नाला झोपेत, जागेपणी, नळीच्या पाण्यात तीच फुंकर दिसत होती.

पत्र आलं त्या दुपारी ती लिंबाखाली गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी ओला चुरा बाजूला करत गेली. तिसऱ्या वितीवर तो सापडला. तळहाताएवढा, राखाडी, कडेला तुटलेल्या जागी केसांसारखे तंतू. फायब्रो. अ‍ॅस्बेस्टॉस घालून केलेला सिमेंटचा पत्रा, ज्याची धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. या उपनगरातल्या निम्म्या घरांच्या भिंती त्याच्याच आहेत, तिच्याही. तिने तुकड्यावर कुंडी उपडी घातली आणि हात कोपरापर्यंत तीनदा धुतले. मार्नीचे छोटे पिवळे गमबूट तिथेच पडले होते. ते पिशवीत घालून पिशवीला दोन गाठी मारल्या.

फायब्रो ओळखायला तिला कुठल्या प्रयोगशाळेची गरज नव्हती. तिचा नवरा क्लेम एकोणीस वर्षं फायब्रोच्या कारखान्यात सपाट पत्र्याच्या यंत्रावर होता. संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा घरी यायचा. ती त्याचे कपडे मागच्या पायरीवर झटकायची आणि मग धुवायची. शनिवारी कारखाना कामगारांना तुकडे घरी न्यायला द्यायचा. फुकट! सगळ्या गल्लीने त्या पट्ट्या जमिनीत उभ्या रोवून वाफ्यांना कडा केल्या. क्लेमने केलेली हायड्रेंजाभोवतीची कड अजून जशीच्या तशी होती, सुतात. एकोणसाठाव्या वर्षी तो गेला. शेवटचं वर्ष बसूनच झोपला, आडवं झालं की श्वास संपायचा. कारखान्यानेही तेव्हा पत्रच पाठवलं होतं. त्यातही लिहिलं होतं, घाबरण्याचं कारण नाही.

दहाच्या सुमाराला टेगनची गाडी फाटकापाशी थांबली. इंजिन चालूच.

"मी उतरत नाही हां, नॅन."

"उतरू नकोस."

"कधी येतायत ते?"

"पियानो संपला की."

"विनोद नको गं! तू कालपासून त्यातच फिरतेयस. मास्क तरी लावला होतास का?"

"मला काय धाड भरलीय? हे भूत चढायला चाळीस वर्षं लागतात. मी काय एकशेबावीस वर्षं जगणार आहे?"

टेगन हसली नाही. मागच्या सीटवर मार्नी काचेवर चपट्या हातांनी धपाधप मारत होती. तिचं तोंड हलताना दिसत होतं. नॅन, केक.

"हिला चाळीस वर्षांनी किती होतील? साडेबेचाळीस," टेगन म्हणाली. "मी रात्रभर हाच हिशेब करत होते."

व्हर्नाने नळी लिंबाकडे वळवली.

"नॅन, खरं सांग. तो तुकडा पॉपआजोबांनी रोवलेल्या कडेचा नाही ना? तो त्यांच्याच चुऱ्यातला ना?"

"त्यांचाच."

"कशावरून?"

"मला कळतं."

"तुला कळून उपयोग काय? त्यांनी लिहून दिलं पाहिजे. त्यांनी हे सगळं उचलून नेलं, तपासलं, कागद दिला, की मी हिला आणीन. तोपर्यंत नाही. माझ्यावर रागवू नकोस."

"रागवले तर तुझ्यावर रागवेन होय?"

गाडी गेली. काचेवर दोन हातांचे ठसे होते, तेही गेले.

दुपारी सव्वा दोनला पियानो थांबला आणि एका मुलीने उद्याची वेळ दिली. व्हर्नाने कागदावर वेळ लिहिली, कागद फ्रिजवर लावला, पुन्हा काढून बघितला आणि पुन्हा लावला.

संध्याकाळी सेमिसी कुंपणापाशी आला. टोंगा बेटांवरचा माणूस, दाराएवढा रुंद. त्याच्या आईच्या वयाच्या प्रत्येक बाईला आंटी म्हणणारा. त्याचा चेहरा पडला होता. पाचही खेपा त्याच्याच ट्रेलरने झाल्या होत्या, आणि ट्रेलर त्याने स्वतःच्या हाताने झाडला होता.

"आंटी, उद्या तो माणूस येईल. पहिलं काय बघेल?"

"काय?"

त्याने हनुवटीने हायड्रेंजाकडे खूण केली. "अंकलची कड. बघितली की म्हणेल, हे तुमचंच. मी सांगतो, आत्ता उपटून टाकू. भिजवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. तासाभराचं काम. ट्रेलर आहेच."

व्हर्नाच्या मनातही हेच आलं होतं. दुपारपासून तीनदा ती कुदळ ठेवलेल्या शेडपर्यंत जाऊन परत आली होती.

"आणि टाकशील कुठे?"

"टाकू कुठेतरी. फायब्रो टाकायचं खरं आगार चाळीस किलोमीटरवर, शिवाय ते नावगाव विचारतात."

"कुठेतरी म्हणजे पुलाखाली. तिथून पालिकेचा ट्रक फांद्यांबरोबर उचलणार. फांद्या दळणार. आणि पुढच्या उन्हाळ्यात फाटकावर पाटी, फुकट, हवा तेवढा न्या." ती त्याच्याकडे वळली. "अशीच कुणाची तरी कड माझ्या लिंबाखाली आलीय, सेमिसी."

सेमिसीने ट्रेलरकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग खोटं बोला. माहीत नाही म्हणा."

"क्लेमच्या आयुष्यातलं तेवढं एकच काम उभं राहिलंय बघ. त्याला माहीत नाही कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी पालिकेचा माणूस पंचवीस मिनिटं उशिरा आला. ट्रॉय नाव. तिशीचा, बुटांवर पांढऱ्या पिशव्या, हातात टॅब.

"हाय व्हर्ना! कशा आहात? बाग मस्त केलीय हो."

"केली. तुमच्या कृपेने."

तो विटांच्या पायवाटेवरून जपून चालला. तळ्यापाशी थांबला. चुऱ्याकडे वाकून बघितलं आणि वाकलेलाच मान वळवली. हायड्रेंजाकडे.

"ते काय आहे, व्हर्ना?"

सेमिसी कुंपणापलीकडे, न बघितल्यासारखं करत, आपल्या एकाच कुंडीला पुन्हा पुन्हा पाणी घालत होता.

"फायब्रो. माझ्या नवऱ्याने रोवलेलं. एकाहत्तर साली."

"म्हणजे जागेत आधीपासूनच होतं." त्याने टॅबवर बोट टेकवलं. "मग काय आहे ना, व्हर्ना, अशा केसमध्ये 'मूळ निश्चित करता येत नाही' असं येतं."

"कुठे येतं?"

"इथे. सिस्टीममध्ये."

"तुम्ही बोट लावलंत म्हणून आलं."

तो कसनुसा हसला. "मूळ निश्चित नसेल तर सफाई मालकाने करून घ्यायची. परवानाधारकांची यादी देतो मी."

"आणि तुकडा? तो तरी तपासायला न्या."

"एकदा हे आलं की नमुना घेता येत नाही. पद्धत आहे."

पद्धत! माणसाने खरं बोलावं म्हणून शाळेत छड्या मारतात, आणि खरं बोललेल्या माणसासाठी ही पद्धत ठेवतात.

"इकडे या," व्हर्ना म्हणाली. ती लिंबापाशी गेली, एक हात खोडाला धरून खाली बसली आणि कुंडी उचलली. नळीने तुकड्यावर पाणी सोडलं. मग शेजारी पडलेल्या खुरप्याने तो उलटा केला.

"हात लावू नका हां!" ट्रॉय दोन पावलं मागे सरकला.

"बारा हजार वेळा लावलाय. बघा याची पाठ. काय दिसतं?"

"फायब्रो."

"तुम्हाला फायब्रो दिसतं. मला लाट दिसते. नागमोडी आहे हा. एक उंचवटा, एक खोलगट, इथे खिळ्याचं भोक. हा छपराचा आहे. माझा नवरा सपाट पत्र्यावर होता. नागमोडीची शेड वेगळी, माणसं वेगळी, शनिवारचे तुकडे वेगळे. त्या शेडवाल्यांशी त्याचं पटायचं नाही, त्यांच्याकडून काडीसुद्धा घेतली नाही त्याने. माझं छप्पर बघा, कौलं आहेत. पहिल्यापासून. ती कड बघा, हवं तर फूटपट्टी लावून बघा. एक तरी पट्टी वाकडी आहे?"

ट्रॉयने कडेकडे बघितलं, छपराकडे बघितलं, मग तुकड्याकडे. हातातला टॅब खाली आला होता.

"तुमचं बरोबर असेल," तो हळू म्हणाला.

"मग लिहा तसं."

"याला रकाना नाहीये, व्हर्ना. खरंच नाहीये." त्याने टॅब तिच्यापुढे धरला, शपथ घेतल्यासारखा.

"कागद आहे?"

ज्यांच्याकडे ईमेल नाही त्यांच्यासाठी गाडीत एक फॉर्म होता. तो त्याने आणून दिला. खाली सहीची रेघ होती: 'वरील निष्कर्ष मला मान्य आहे.' व्हर्नाने ती रेघ खोडली, कागद उलटा केला, आणि टबाच्या कडेवर टेकवून लिहायला लागली. ओल्या बोटांनी कागद मऊ पडत होता. ट्रॉय थांबला होता. घड्याळ बघायचं त्याने एकदाच धाडस केलं. कुंपणापलीकडचं पाणी बंद झालं होतं.

तिने लिहिलं:

'माझ्या घरात सपाट फायब्रो आहे, हे मी स्वतः सांगितलं. ते कुणी दिलं आणि त्याने कोण मेलं, हेही विचारलंत तर सांगेन. लिंबाखालचा तुकडा नागमोडी आहे. तो तुमच्या चुऱ्यातून आला. तो मी कुंडीखाली ठेवला आहे आणि दिवसातून सहा वेळा भिजवते. इथे एक अडीच वर्षांची मुलगी ढलप्यांचा केक करायची आणि गार व्हावा म्हणून त्यावर फुंकर मारायची. फुंकल्यावर ती श्वास आत घ्यायची. तिला काय झालं आणि काय नाही, हे चाळीस वर्षांनी कळेल. तेव्हा विचारायला मी नसेन, म्हणून आत्ता विचारते आहे. हा तुकडा कुणाचा? न्यायला कधी येता? 'घाबरण्याचं कारण नाही' हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाचं नाव काय? त्याच्या सहीने उत्तर द्या.'