यादवच्या दारातला ढोल

छगननानांचे पुढचे दात पडले आणि त्यांच्यामागोमाग क्लॅरिनेटही सुटली. कवळी बसवून खायला येतं, फुंकायला येत नाही. उभी हयात धुळ्यात लग्नाच्या बँडमध्ये घालवलेल्या माणसाला याचं दुःख व्हायचंच. पण त्याहून मोठा घाव त्या हिवाळ्यात बसला. त्यांच्या शेजारी जन्मभर ढोल वाजवणारा, त्यांच्याच भागातला यादव गेला. नानांच्या मुलाच्या, भटूच्या लग्नात दोघांनीच वाजवायचं, असा त्यांचा जुना बेत होता. आता लग्न उन्हाळ्यावर आलं, आणि नाना हट्टाला पेटले होते. मिरवणुकीत वाजेल तर आपलंच गाणं, आणि त्यात यादवचाच ढोल.

भटू दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला होता. क्वार्टरमध्ये त्याने हौसेने कॉम्प्युटर घेतला होता आणि त्याला पेटीसारख्या पट्ट्या जोडल्या होत्या. पट्टी दाबली की ट्रंपेट म्हणा, ढोल म्हणा, हवं ते वाजे. नाना तिथे मुक्कामाला गेले. फुंकर न मारता क्लॅरिनेट वाजते हे पाहून त्यांनी आधी नाक मुरडलं. पण दुसऱ्या दिवशी पुढ्यातला चहा गार झाला तरी ते उठेनात, तेव्हा सोबत आलेल्या त्यांच्या बायकोने, केसरबाईंनी ओळखलं की म्हातारा रमला.

गाणं ठरलेलंच होतं. ज्या जुन्या सिनेमातल्या गाण्याशिवाय नानांच्या बँडचा नवरदेव घोड्यावरून उतरत नसे, तेच. भटूला ते कॅसेटवर असतं तसं नेटकं हवं होतं. नानांना मात्र गाणं रस्त्यावरूनच पाठ. गल्लीच्या तोंडापर्यंत चाल झपाझप, गिरणीपाशी चढ म्हणून संथ, चौकात ट्रंपेटचा दणका. ते खाटेभोवती गुणगुणत फेऱ्या मारायचे आणि मधेच सांगायचे, गिरणी आली, हळू घे. भटू आधी हसला, मग तोही खाटेभोवती फिरायला लागला. ढोलासाठी नानांनी धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर थापा मारून दाखवल्या आणि भटूने त्या एकेक करून कॉम्प्युटरात उतरवल्या. यादवची थाप सापडली तेव्हा नानांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलं नाही.

चौकानंतर यादवचं घर येई. वर्षाच्या आत ज्या घरातलं माणूस गेलं, त्या दारापुढून बँड मुका जातो. ही रीत नानांनी आणि यादवने कुणाच्या श्रीमंतीकडे न बघता पाळली होती. म्हणून नानांनी गाण्यात तिथे शांतता ठेवली. भटू म्हणाला, ऐन वेळी बटण दाबून आवाज बंद करू. नाना ऐकेनात. बटण दुसरा दाबतो, वाजवणारा स्वतः थांबतो, असं त्यांचं म्हणणं.

लग्नाच्या दिवशी हातगाडीवर कर्णे चढले, भटूने कॅसेटवर भरून आणलेलं गाणं टेपवर लागलं. नाना पुढे चालत हातानेच सगळ्यांचा वेग धरत होते. गिरणीचा चढ आला तसं गाणं संथ झालं, चौकात पोरं बेभान नाचली, आणि बरोबर यादवच्या दाराशी सगळं शांत झालं. मान खाली घालून नाना पुढे निघाले. मित्राचा मान राखला, याचं त्यांना समाधान होतं.

तेवढ्यात यादवची बायको धुरपदाबाई ओट्यावरून उतरली आणि हातगाडीला आडवी उभी राहिली.

"भाऊ, बंद कशाले कयं?"

नाना म्हणाले, रीत आहे, वहिनी.

"जलमभर लोकेसना दुखले त्यानी हात थांबाडा," ती म्हणाली. "आते त्याना दारमा तरी वाजू द्या."

ज्याचा मान राखायचा तो ढोल घेऊन त्या गाण्यातच बसला आहे, हे इतक्या दिवसांत नानांच्या ध्यानात आलं नव्हतं. स्वतःच्याच दारात त्यांनी त्याला गप्प बसवलं होतं.

त्यांनी कुणाला टेपला हात लावू दिला नाही. स्वतःच कॅसेट मागे फिरवली आणि बटण दाबलं. ढोल सुरू झाला तशी धुरपदाबाईने एका हाताने पदर डोळ्यांना लावला, आणि दुसऱ्या हाताने नानांना खूण केली, आवाज वाढवा.

नानांनी वाढवला.