सजवून नेलेलं रक्त

इस्पितळाच्या दिवशी सू-ओ सणाला निघाल्यासारखी निघायची. इस्त्रीचा फुलाफुलांचा ब्लाउज, चापूनचोपून बसवलेले केस, पायांत नव्या चपला. अंधार असतानाच उठून करुणेची देवी क्वानयिनमाता, तिच्यापुढे दिवा लावायचा, उदबत्ती ओवाळायची, अमिताभ बुद्धाच्या नावाची माळ ओढायची. आणि मग मोरीत बसून कढत पाण्याच्या बादलीत मनगटापर्यंत हात बुडवून ठेवायचे. सकाळी तिची बोटं उघडायलाच तयार नसत. पाणी निवेपर्यंत ती एकेक बोट दुसऱ्या हाताने हलकेच सरळ करी. ऊन वर येईतो मूठ वळू लागे, आणि डॉक्टरांपुढे जाईपर्यंत तर ती अगदी चारचौघींसारखी दिसे.

"ताई, डॉक्टरकडे चाललात की सून बघायला?" धाकटी जाऊ आ-फांग दारातून विचारी. दोघींची घरं लूकांग गावच्या त्याच अरुंद विटांच्या गल्लीत, भिंतीला भिंत लागून.

"अगं, तो बिचारा दिवसभर लोकांची रडकी तोंडं बघतो. आपण तरी नीटनेटकं जावं."

"आणि दुखणं कुणाला दाखवायचं? मला? मी काय औषध देणार, सोयासॉस?"

सू-ओ हसून पिशवी पुढे करी. आ-फांग तीत वाफाळती कासवं ठेवी. आमच्याकडे चिकट तांदळाच्या लाल पिठात मुगाचं सारण भरून, लाकडी साच्यात दाबून, केळीच्या पानावर ती वाफवतात. कासव म्हणजे दीर्घायुष्य. सू-ओच्या हातच्या कासवांचं नाव सगळ्या गल्लीत होतं. कवच इतकं रेखीव उमटायचं की मुलं खायच्या आधी बोटाने चौकटी मोजत.

नवरा मरणाच्या दारातून परत आला, त्या वर्षी तिने स्वर्गाधिपतीला नवस बोलला होता: दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला, पहिल्या महिन्याच्या नवमीला, माझ्या स्वतःच्या हातची कासवं. पुढे नवरा पिकल्या वयात गेला. नवस तिने सोडला नाही. हातांना संधिवाताने धरल्यावरही नवमीची कासवं तीच दाबायची. साचा मांडीवर धरून, ओठ मिटून. आणि ते एक काम निभावं म्हणून वर्षभर हात राखून ठेवायची. डॉक्टरांसाठी न्यायची कासवं त्यामुळे आ-फांग करत असे.

डॉक्टर क्वो वयाने तिच्या मुलासारखे. ते दर खेपेला पान उघडून बघत.

"सू-ओ मावशी, पुन्हा आणलीत? ह्या हातांनी?"

"घरचंच आहे. बायकोमुलांना द्या."

पहिल्यांदा हे बोलली तेव्हा "जावेने केलीत" असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्याच्या हातचं आणून दिलं म्हणजे कमी आदर केल्यासारखं वाटलं, आणि बोलणं तसंच पुढे सरकलं. मग दर खेपेला ते बोलायचं आणखी अवघड होत गेलं.

डॉक्टर मग एकेक सांधा अंगठ्याने दाबत. बोटांची पेरं, मनगटं, कोपरं, खांदे, गुडघे. "दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"थोडंसं."

मनगट दाबलं की तिच्या डोळ्यांपुढे पांढरं होई. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मनात अमिताभाचं नाव घेई. तोंडावरची रेघही हलत नसे. माहेरी आईने हेच शिकवलं होतं, सासरी सासूने हेच घोटून घेतलं होतं. दुखणं आपलं, तोंड दुसऱ्याचं.

शेवटी नर्स त्साई एक प्लास्टिकची पट्टी हातात देई. पट्टीवर एक सरकता खुंटा. डाव्या टोकाला काहीच त्रास नाही, उजव्या टोकाला सहन होणार नाही इतका. "आजी, तुम्हाला एकंदर कसं वाटतं, तिथे सरकवा." सू-ओ खुंटा डावीकडून जेमतेम उचलल्यासारखा सरकवी. उजवीकडे सरकवणं तिला पंगतीत बसून भात कमी पडला म्हणून ओरडण्यासारखं वाटे.

एवढंच असतं तर एक वेळ तपासणीला घेतलेल्या रक्ताने खरी बाजू मांडली असती. पण रक्तालाही ती सजवून नेत असे. आधीच्या एका वाईट हिवाळ्यात सूज ओसरावी म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ तिने डब्यात राखून ठेवल्या होत्या. इस्पितळाची तारीख आली की चार-पाच दिवस आधीपासून ती त्या घेई. चालणं सुधारे, सूज दबे, आणि रक्तातली सुजेची खूणही खाली येई.

"मावशी, एक गोष्ट मला उलगडत नाही," एकदा डॉक्टर क्वो कागद बघत म्हणाले. "रक्तात दोन तऱ्हेच्या खुणा असतात. एक सुजेबरोबर चढते-उतरते. ती तुमची बरी आहे. दुसरी म्हणजे तुमच्या शरीराने स्वतःच्याच सांध्यांविरुद्ध उभं केलेलं सैन्य. ती तुमची फार वर आहे. इतकी वर असली की आजार सहसा हाडं खातो."

"मग?"

"मग तुम्ही ठीक कशा? माझ्याकडे नवी इंजेक्शनं आहेत, ते सैन्य आवरणारी. पण महाग आहेत. विमा ती फक्त आजाराचा जोर मोठा असेल तरच देतो. तो जोर आम्ही सुजलेले सांधे, दुखणारे सांधे, रक्त आणि तुमची ही पट्टी मिळून काढतो. तुमचा आकडा दर वेळी खालीच राहतो." ते कासवाच्या पानाकडे बघून हसले. "आणि खरं सांगू? इतकी रेखीव कासवं दाबणाऱ्या हातांसाठी मी अर्ज तरी कोणत्या तोंडाने करू? तुम्ही नशीबवान आहात. अशा रक्ताची माणसं असतात, क्वचित."

आ-फांग त्या दिवशी सोबत होती. तिने तोंड उघडलं. सू-ओने तिच्या हातावर हात ठेवला.

बाहेर बसच्या थांब्यावर आ-फांग तडकलीच. "का गप्प केलंत मला? म्हणे नशीबवान! काल तुम्हाला बाटलीचं झाकण उघडता आलं नाही!"

"इतकी कासवं खाल्ल्यावर त्यांना सांगायचं, मी केली नव्हती म्हणून? त्यांना किती वाईट वाटेल."

"वाईट वाटून डॉक्टर मेलेला ऐकलाय कधी?"

"असं अभद्र बोलू नये."

"तुम्ही पाच शीलं घेतलीत ना मठात? प्राणी मारायचा नाही, चोरी नाही... चौथं कुठलं ते?"

सू-ओने पिशवी उचलली. बस आली. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ती रोज सकाळी पाचही शीलं मनात म्हणायची, आणि तिला कधी वाटलंच नव्हतं की ह्यात काही येतं. खोटं म्हणजे काही मिळवण्यासाठी बोलतात ते. आपण तर काही मागतच नाही आहोत.

तिने ठरवलं, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या दारात माणसांची रीघ होती, आणि त्यांचे डोळे जागरणाने लाल झालेले. तिने पान पुढे केलं, खुंटा डावीकडे ठेवला आणि उठली.

नवमी आली. त्या वर्षी साचा दाबताना उजव्या मनगटातून काहीतरी सुटल्यासारखं झालं. कासवं झाली, पण कवचं एका बाजूला पुसट. तिने ती तशीच देवापुढे मांडली. त्यानंतर मनगट मागे वळेना. बोटं करंगळीच्या बाजूला कलू लागली, वाऱ्याने भाताची रोपं झुकावीत तशी. कढत पाण्यानेही ती सरळ होईनात, तेव्हा आ-फांगने तिला तारीख नसतानाच ओढत इस्पितळात नेलं. गोळ्या घ्यायला वेळ मिळाला नाही. कासवंही नव्हती.

डॉक्टरांनी हातांचे फोटो काढायला लावले. आधीचा फोटो शेजारी ठेवला. हाडांच्या टोकांना उंदरांनी कुरतडल्यासारखे खळगे. मनगटातली लहान हाडं एकमेकांत मिसळून एकच ढेकूळ झालेलं.

"हे एका दिवसात होत नाही," ते हळू म्हणाले. "मावशी, तुम्हाला दुखत नव्हतं?"

आ-फांग ह्या वेळी गप्प होती. ती भिंतीकडे बघत होती, मुद्दाम.

"दुखत होतं," सू-ओ म्हणाली. मग बाकीचं आपोआप आलं. पहाटेचं पाणी. डब्यातल्या गोळ्या. घड्याळाकडे बघत घेतलेलं नाव. "आणि ती कासवं हिने केलेली. पहिल्या दिवसापासून."

डॉक्टर क्वोंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुमचं रक्त मला सांगत होतं," ते म्हणाले. "ती दुसरी खूण गोळ्यांनी दबत नाही. ती पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होती. मी कासवांवर विश्वास ठेवला."

"तुमची चूक नाही."

"अर्धी आहे. ती तरी मला राहू द्या."

नर्स त्साईने पट्टी पुढे केली. सू-ओने खुंट्याला बोट लावलं. बोट घसरलं. दुसऱ्या हाताने धरून तिने तो उजवीकडे नेला, मध्ये कुठेही न थांबता. नर्सने पट्टी घेताना नजर खाली ठेवली.

आकडे ठरलेल्या अंतराने पुन्हा घ्यावे लागले, अर्ज गेला, उन्हाळा सरत आला तेव्हा इंजेक्शनं मंजूर झाली. आणि त्यांनी खरोखर गुण दिला. सूज उतरली. पहाटे बोटं लाकडासारखी होईनाशी झाली. बादली मोरीच्या कोपऱ्यात पालथी पडली. डॉक्टरांनी कागद दाखवला, "रक्त शांत झालंय, मावशी." दुखतं का विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाही." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ह्या वेळी तिचं उत्तर खरं होतं. पण झिजलेलं हाड परत भरत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मनगट वळत नव्हतं ते वळत नव्हतंच. साच्यावर भार देणं तर दूर, तो उचलून पालथाही करता येईना.

नवमी जवळ आली. आ-फांग म्हणाली, "मी करते. तुम्ही शेजारी बसून नुसता हात लावा. देव काय फूटपट्टी घेऊन बसलाय?"

"नको. आता तसलं काही नको," सू-ओ म्हणाली. "नवस मोडतोय तर त्याला विचारून मोडू."

दोघी स्वर्गाधिपतीच्या देवळात गेल्या. सकाळची वेळ, धुराने डोळे चुरचुरत होते. सू-ओ गुडघ्यांवर बसली. आता तेवढं जमत होतं. स्वतःचं नाव, गल्लीचं नाव, सगळं रीतीप्रमाणे सांगितलं. मग म्हणाली, "माझ्या हातची कासवं आता होणार नाहीत. हात मी घालवले, दुसऱ्या कुणी नाही. फळं आणि शेवया आणत जाईन. ह्या नवसातून मला मोकळं करता का?"

देवाचा कौल घ्यायचे, एका बाजूने सपाट नि दुसऱ्या बाजूने फुगीर असे लाकडाचे दोन लाल चंद्र तिने तळव्यांत धरले. एक सपाट बाजू वर करून, एक पालथा पडला तर देवाला मान्य. दोन्ही सपाट पडले तर देव नुसता हसतोय, पुन्हा टाकायचे; दोन्ही पालथे तर नाही. तिची बोटं मिटत नव्हती, म्हणून तिने ओंजळ नुसती उलटी केली.

लाकूड फरशीवर वाजलं. एक सपाट, एक पालथा.

"बघा!" आ-फांग आनंदाने म्हणाली. "पहिल्याच कौलाला! केवढा समजूतदार! उगाच जिवाला घोर लावून घेतलात ना, ताई?"

सू-ओ त्या दोन तुकड्यांकडे बघत बसून राहिली. मागे माणसं खोळंबली होती, कुणीतरी घसा खाकरला. तिला वाटलं होतं, निदान पहिल्यांदा तरी तो नाही म्हणेल. तुझ्याच हातची हवीत, असा एकदा तरी हट्ट धरेल.

"उठा," आ-फांग म्हणाली आणि तिने तिला काखेत हात घालून उठवलं. तुकडे आ-फांगनेच वेचले आणि जागेवर ठेवले.