पुंजाभाऊंचा चहा संपला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे. अंबडमधल्या एका छोट्या कंपनीच्या भिंतीवर टांगलेला. यंत्रांना मराठीत काम सांगायची संगणकाची भाषा इथे तयार झाली. तिचे पहिले शब्द पुंजाभाऊंनी माझ्यावर लिहिले. तीस वर्षं लेथ मशीन चालवलेला हात होता तो.

घे.
काप.
थांब.

या तीन शब्दांभोवती चौकट काढून कोणीतरी लिहिलं, 'पुसू नये'.

पुढे एक रीत पडली. भाषेत काही नवं आणायचं, तर ते पुंजाभाऊंना एका कप चहात कळलं पाहिजे. कप संपला आणि कळलं नाही, तर पुसायचं. म्हणून भाषा सोपी राहिली. पाहुणे यायचे, मला बघून कौतुक करायचे.

मग भाषेवर काम करणाऱ्या दीपमालाने लिहिलं, 'अडलास तर'. पत्रा अडकला, वीज गेली, तर यंत्राने काय करायचं ते सर्वांत वर एकदाच लिहायचं. खालच्या सगळ्या ओळींना ते लागू. वर्षभर ती यावर खपली होती.

"वरचं खाली लागू? वाचणारा गोंधळेल," तिच्यासोबत काम करणारा योगेश म्हणाला.

"तुझ्या दारावर 'चपला बाहेर काढा' एकदाच लिहिलंय ना? का प्रत्येक खोलीत लावलंय?"

"आमच्याकडे एकदा लिहिलेलंही कोणी वाचत नाही!"

सगळे हसले. पुंजाभाऊही हसले. जरा उशिरा.

"पोरी, परत सांग."

तिने सांगितलं.

"परत सांग."

तिने तिसऱ्यांदा सांगितलं. कप रिकामा झाला.

"लय अवघड हाय गं."

रीत ती रीत. दीपमालाने ओढणीच्या टोकाने ती ओळ पुसली.

(इथे एक ओळ होती.)

महिनाभरात तिने नोकरी सोडली.

दिवाळीनंतर एका सकाळी पुंजाभाऊ माझ्यासमोर उभे राहिले. चौकटीतल्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "योगेश, हे 'थांब' म्हंजे मशीननं काय करायचं रे?"

योगेश थट्टा समजून हसायला गेला. मग खुर्चीवर बसला. मग त्याने दीपमालाला फोन लावला.

ती धावत आली. पुंजाभाऊ उठून उभे राहिले. "बसा ना ताई. कोणाकडं आलात?"

अवघड ती ओळ नव्हतीच. माझ्यावर लिहिताना शब्द न आठवून त्यांचा हात कितीदा मध्येच थांबला होता. मला ठाऊक होतं. मला तोंड नाही.

मित्रांनो, तुम्हाला आहे. आपल्या माणसाला एखादी गोष्ट तीनदा सांगावी लागली, तर ती पुसण्याआधी त्याच्याकडे नीट बघा. शेजारी बसा.

चहा गार होऊ द्या.